चलाचा लोप : दोन समीकरणे एकमेकांत का मिळवता येतात आणि चिन्हे कोठे चुकतात

दहावीत शिकणाऱ्या एका मुलाच्या आईने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. प्रश्नाचा आशय असा : एकसामयिक समीकरणे सोडवताना मुलगा एका चलाचा लोप करतो, परंतु दर दोन-तीन उदाहरणांमागे एकदा तरी त्याचे चिन्ह चुकते. शिवाय, दोन वेगळी समीकरणे एकमेकांत मिळवण्याची किंवा एकमेकांतून वजा करण्याची मुभा आपल्याला कशी मिळते, हे त्याला पटत नाही; आणि दोन्ही चले नाहीशी होऊन ० = ० उरले, की पुढे काय लिहावे हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

मी बरीच वर्षे आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवत आलो आहे, आणि माझ्या मते या तिन्हींपैकी मुलाची दुसरी शंका सर्वांत मोलाची आहे. ती सुटली की उरलेल्या दोन्ही शंकांचा गुंता बराचसा आपोआप उलगडतो, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. पाठ्यपुस्तकात चलांसाठी रोमन अक्षरे असतात. येथे मी जुन्या मराठी पुस्तकांप्रमाणे क्ष आणि य ही अक्षरे वापरणार आहे.

पुढील जोडी घेऊ :

४क्ष − ३य = १७ ... (१)
६क्ष + ५य = −३ ... (२)

समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकच संख्या मिळवली तर समानता टिकते, हे मुलाला सातवीपासून ठाऊक आहे आणि त्याबद्दल त्याची तक्रार नाही. आता समीकरण (१) काय सांगते ते पाहावे. क्ष आणि य यांच्या ज्या किमतींसाठी ते खरे आहे, त्या किमती घेतल्या की ४क्ष − ३य ही पदावली आणि १७ ही संख्या यांत काहीही फरक उरत नाही. एकाच संख्येची ती दोन रूपे होत. त्यामुळे समीकरण (२) च्या डाव्या बाजूला ४क्ष − ३य मिळवले आणि उजव्या बाजूला १७ मिळवले, तर आपण दोन्ही बाजूंना तीच संख्या मिळवली, एवढेच झाले. डावीकडे ती पदावलीच्या रूपात लिहिली आणि उजवीकडे अंकांत लिहिली, म्हणून ते काहीतरी वेगळे केल्यासारखे वाटते. समीकरण (१) ला आधी ५ ने गुणले किंवा ते मिळवण्याऐवजी वजा केले, तरी युक्तिवाद तोच राहतो.

येथे बहुतेक शिक्षक थांबतात, पण चौकस मुलाला यापुढचाही प्रश्न पडायला हवा. वरील युक्तिवादाने इतकेच सिद्ध होते, की मूळ दोन्ही समीकरणांची जी उकल आहे ती नव्या समीकरणाचीही उकल आहे. नव्या समीकरणातून आलेले उत्तर मूळ जोडीचे असेलच, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी उलट दिशेने जाता आले पाहिजे. समजा, समीकरण (१) ची ५ पट आणि समीकरण (२) ची ३ पट यांची बेरीज करून आपण समीकरण (३) मिळवले. आता हातात (१) आणि (३) ठेवून (२) पुसून टाकले, तरी ते परत मिळवता येते : (३) मधून (१) ची ५ पट वजा करावी, म्हणजे (२) ची ३ पट उरते, तिला ३ ने भागले की (२) जसेच्या तसे समोर येते. परतीची वाट शाबूत असल्यामुळे (१) आणि (२) या जोडीची उकल आणि (१) आणि (३) या जोडीची उकल यांत तसूभरही फरक असू शकत नाही. ज्या समीकरणाची जागा नवे समीकरण घेते त्याला शून्याने गुणायचे नाही, या अटीचे कारणही येथेच दिसते, कारण शून्याने गुणल्यावर परत भागता येत नाही. आणि लोप करून एका चलाची किंमत काढल्यावर ती मूळ समीकरणांपैकी एकात का घालावी लागते, तेही येथूनच कळते. (३) हे एकटे पुरेसे नसते. त्याच्या जोडीला मूळचे एक समीकरण राखून ठेवावेच लागते.

आलेखावर हीच गोष्ट डोळ्यांना दिसते. (१) आणि (२) या दोन रेषा एका बिंदूत छेदतात. त्यांना कोणत्याही संख्यांनी गुणून बेरीज केली, तर मिळणारी रेषा त्याच छेदनबिंदूतून जाते. गुणक बदलत गेले की ती त्या बिंदूभोवती फिरते. य चा लोप करणे म्हणजे ती य-अक्षाला समांतर होईपर्यंत फिरवणे, कारण तशी रेषा क्ष ची किंमत थेट सांगते. मुलाला आलेख कागदावर (१), (२) आणि (३) या तिन्ही रेषा एकदा काढायला सांगाव्यात. दहा मिनिटांचे काम आहे, पण या पद्धतीबद्दलचा त्याचा संशय बहुधा तेवढ्यावर फिटेल.

आता चिन्हांकडे वळू. वरील जोडीत बहुतेक मुले सवयीने क्ष चा लोप करायला घेतात, कारण क्ष आधी लिहिलेला असतो. ४ आणि ६ यांचा लसावि १२. म्हणून (१) ला ३ ने आणि (२) ला २ ने गुणून

१२क्ष − ९य = ५१
१२क्ष + १०य = −६

असे मिळते. क्ष चे सहगुणक समान आणि सारख्याच चिन्हाचे असल्यामुळे वजाबाकी करावी लागते, आणि घोटाळ्याची जागा नेमकी हीच. खालच्या ओळीतील तिन्ही पदांची चिन्हे बदलायची असतात. मुलगा पहिल्या पदाचे चिन्ह बदलतो, कारण ते पद त्याला घालवायचे असते. दुसऱ्या पदाशी येईपर्यंत आपण वजाबाकी करत आहोत हे त्याच्या ध्यानात राहत नाही, आणि उजव्या बाजूला आधीच उणे चिन्ह असल्यामुळे तेथे ५१ मधून ६ जातात असे त्याला वाटते. परिणामी य = ४५ असे उत्तर येते. बरोबर वजाबाकी अशी : −९य मधून १०य गेले की −१९य, आणि ५१ मधून −६ गेले की ५७. म्हणजे −१९य = ५७, आणि य = −३.

यावर माझा उपाय साधा आहे आणि त्यावर मी ठाम आहे : समीकरणांची वजाबाकी करूच नये. ज्या समीकरणाची वजाबाकी करायची असेल त्याला ऋण संख्येने गुणून ते पूर्ण समीकरण नव्या ओळीत लिहावे आणि मग फक्त बेरीज करावी. वरील उदाहरणात (२) ला २ ने न गुणता −२ ने गुणले, की −१२क्ष − १०य = ६ असे मिळते; त्याखाली रेघ मारून बेरीज केली की चूक होण्याला वावच राहत नाही. वर्गात फळ्यावर खालच्या ओळीच्या प्रत्येक पदाखाली कंसात उणे किंवा अधिक चिन्ह लिहून वजाबाकी करण्याची जी रीत आहे ती चुकीची नाही, परंतु त्या रीतीत एकाच पदाला दोन चिन्हे शेजारी-शेजारी उभी राहतात आणि त्यांतले खरे कोणते, हे परीक्षेच्या घाईत मुलांना समजत नाही. गुणाकाराची एक ओळ जास्त लिहावी लागते, त्याबद्दल कोणी गुण कापत नाही.

त्याहूनही चांगला उपाय म्हणजे लोप कोणत्या चलाचा करावा हे आधी विचारपूर्वक ठरवणे. आपल्या जोडीत य चे सहगुणक −३ आणि ५ असे विरुद्ध चिन्हांचे आहेत. (१) ला ५ ने आणि (२) ला ३ ने गुणले की

२०क्ष − १५य = ८५
१८क्ष + १५य = −९

असे मिळते आणि सरळ बेरजेने ३८क्ष = ७६, म्हणजे क्ष = २ हाती येते. आकडे थोडे मोठे झाले, पण वजाबाकी टळली. सहगुणक लहान असणे आणि चिन्हे विरुद्ध असणे यांपैकी एकच गोष्ट मिळत असेल, तर मी दुसरी निवडतो. लसावि न काढता सरळ एकमेकांच्या सहगुणकांनी गुणले तरी उत्तर चुकत नाही, फक्त संख्या उगाच वाढतात.

क्ष = २ ही किंमत (१) मध्ये घातली, की ८ − ३य = १७, म्हणून −३य = ९ आणि य = −३. आता ताळा. तो कोणत्या समीकरणात पाहायचा, याकडे बहुतेकांचे लक्ष नसते. य ची किंमत आपण (१) वरूनच काढली आहे, त्यामुळे क्ष ची किंमत चुकलेली असली तरी ती जोडी (१) मध्ये बसणारच. तेथे ताळा पाहणे निरर्थक आहे. ताळा (२) मध्ये पाहावा : ६ × २ + ५ × (−३) = १२ − १५ = −३, म्हणजे उकल बरोबर आहे. तो मूळ समीकरणात पाहावा, गुणून आलेल्या समीकरणात पाहू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. चिन्हांच्या खालोखाल मुलांची दुसरी ठरलेली चूक म्हणजे डावी बाजू गुणायची आणि उजव्या बाजूची संख्या तशीच ठेवायची. वर ८५ ऐवजी १७ च राहिले असते, तर ३८क्ष = ८ असे येऊन क्ष ची किंमत ४/१९ मिळाली असती, आणि चुकीच्याच ओळीत ताळा पाहणाऱ्याला ती चूक कधीच सापडली नसती. असे ओबडधोबड अपूर्णांक दिसले की मागे वळून पाहावे हे खरे, पण उत्तर अपूर्णांकात आले म्हणजे ते चुकलेच, असा समजही करून घेऊ नये.

वर ३८क्ष मध्ये जे ३८ आले, त्याच्याकडे क्षणभर थांबून पाहण्यासारखे आहे. ते कोठून आले? ४ × ५ मधून (−३) × ६ वजा केले : २० + १८. आता क्ष चा लोप लसावि न वापरता करून पाहावा, म्हणजे (१) ला −६ ने आणि (२) ला ४ ने गुणून बेरीज करावी; ३८य = −११४ असे मिळते आणि पुन्हा ३८ च समोर येते. आधी लसावि वापरल्यामुळे ते निम्मे होऊन १९ दिसले होते, एवढेच. या संख्येला त्या जोडीचा निश्चयक म्हणतात आणि याच प्रकरणात पुढे क्रेमरची पद्धत म्हणून जी शिकवली जाते ती यापेक्षा निराळी नाही. स्विस गणिती गाब्रिएल क्रेमर यांनी १७५० साली ती प्रसिद्ध केली. दोन चलांपुरते बोलायचे तर ती म्हणजे लोप एकदाच अक्षरांनी करून ठेवून दर वेळी त्यात आकडे भरणे होय. मुलाला दोन्ही पद्धती सुट्या-सुट्या पाठ करायला लावण्याऐवजी हा संबंध दाखवला, तर क्रेमरच्या सूत्रातले उणे चिन्ह कोठे येते, हे त्याला घोकावे लागणार नाही.

निश्चयक शून्य असेल तर काय होते, हीच ० = ० ची कथा आहे. येथे वाण्याचे बिल समोर ठेवून विचार करणे सोपे जाते. समजा, २ किलो तूरडाळ आणि ३ किलो तांदूळ यांचे ५०० रुपये झाले, आणि दुसऱ्या खेपेस ४ किलो तूरडाळ आणि ६ किलो तांदूळ यांचे १००० रुपये झाले. डाळीचा दर क्ष आणि तांदळाचा दर य मानून लोप करायला गेले, की पहिल्या समीकरणाची दुप्पट म्हणजेच दुसरे समीकरण असल्यामुळे दोन्ही चले आणि उजवी बाजू एकदमच जातात. ० = ० याचा अर्थ एवढाच, की दुसऱ्या बिलाने नवीन काहीही सांगितले नाही. डाळ १६० आणि तांदूळ ६० रुपये किलो असू शकेल, किंवा डाळ १४५ आणि तांदूळ ७० असू शकेल; दोन्ही दर दोन्ही बिलांना लागू पडतात, आणि असे असंख्य दर सांगता येतील. उत्तरपत्रिकेत ‘या समीकरणांना अनंत उकली आहेत’ असे लिहावे. आता दुसरे बिल १००० ऐवजी ९६० रुपयांचे होते असे धरू. लोप केल्यावर ० = ४० असे उरते. हे अशक्य आहे, म्हणून ‘एकही उकल नाही’ असे लिहावे. व्यवहारात अशी बिले दिसतातच, पण मग दुकानदाराने जास्त मालावर सूट दिली असणार किंवा मधल्या काळात भाव उतरला असणार. दोन्ही वेळी दर तोच होता हे आपले गृहीतक तेथे मोडते. आलेखावर पहिल्या प्रकारात दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात आणि दुसऱ्यात त्या समांतर राहतात.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. ० = ० दिसल्यावर क्ष = ० आणि य = ० असे लिहून मोकळे होणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. ५य = ० असे आले तर य = ० हे बरोबरच आहे; तेथे य शिल्लक आहे आणि त्याची किंमत शून्य आहे. ०य = ० असे आले तर य ची कोणतीही किंमत चालते, आणि ०य = ५ असे आले तर कोणतीच चालत नाही. लोप करताना नाहीसे झालेले पद मोकळे न सोडता पहिले काही दिवस मुलाने त्याच्या जागी शून्य सहगुणकासह ते लिहावे, म्हणजे हे तीन प्रकार त्याला वेगळे दिसू लागतील.

निश्चयक शून्य नसला, पण शून्याच्या अगदी जवळ असला, तर उत्तर एकच मिळते, मात्र त्यावर भिस्त ठेवता येत नाही. क्ष + य = २ आणि क्ष + १.००१य = २.००१ यांची उकल क्ष = १, य = १ अशी आहे. दुसऱ्या समीकरणाच्या उजव्या बाजूला २.००१ ऐवजी २.००२ घेतले, तर उकल एकदम क्ष = ०, य = २ अशी होते. शालान्त परीक्षेत हे विचारत नाहीत, पण मोजमापातून आलेली समीकरणे ज्यांना पुढे सोडवावी लागतात, त्यांना ही गोष्ट वेळीच ठाऊक असलेली बरी.

लोपाचा एक विशेष प्रकार मुलांना फार आवडतो आणि तो आपल्याकडे फार जुना आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात एक उदाहरण दिले आहे : ९ महाळुंगे आणि ७ कवठे यांची एकत्रित किंमत १०७, आणि ७ महाळुंगे आणि ९ कवठे यांची किंमत १०१, तर प्रत्येकाची किंमत सांगा. आजच्या रीतीने लिहिले तर

९क्ष + ७य = १०७
७क्ष + ९य = १०१

अशी जोडी होते. सहगुणकांची अदलाबदल झालेली असल्यामुळे येथे गुणाकार करत बसण्याचे कारण नाही. बेरीज केली की १६क्ष + १६य = २०८, म्हणजे क्ष + य = १३; वजाबाकी केली की २क्ष − २य = ६, म्हणजे क्ष − य = ३. आता क्ष = ८ आणि य = ५ हे तोंडी येते. वजाबाकी करू नये असे मी वर म्हटले असले, तरी येथे ती करायला हरकत नाही, कारण सगळी पदे धन आहेत. या उदाहरणात मूळची दोन्ही समीकरणे सोडून दोन नवी घेतली आहेत, तेही चालते, कारण बेरीज आणि वजाबाकी यांवरून मूळ दोन्ही परत मिळतात. मात्र एकाच बेरजेच्या दोन वेगळ्या पटी काढून त्यांना दोन समीकरणे समजले, तर पुन्हा ० = ० वर येऊन पडावे लागते.

छेदात चल असलेल्या उदाहरणांबद्दल थोडक्यात. ३/क्ष + २/य = १२ आणि ४/क्ष − १/य = ५ अशी जोडी असेल, तर १/क्ष ला म आणि १/य ला न मानून ३म + २न = १२ आणि ४म − न = ५ असे लिहावे; म = २ आणि न = ३ मिळतात, म्हणजे क्ष = १/२ आणि य = १/३. बरीच मुले म आणि न वर थांबून गुण घालवतात. काही जण दोन्ही बाजूंना क्ष × य ने गुणून छेद घालवू पाहतात; तसे केल्यास क्ष = ०, य = ० ही जोडी नव्या समीकरणांत बसते आणि मूळ समीकरणांत तर तिला अर्थच नसतो. छेदात नुसत्या संख्या असतील तर मात्र लसाविने गुणून छेद आधी घालवावेत आणि मगच लोपाला हात घालावा. आणि एखाद्या चलाचा सहगुणक १ किंवा −१ असेल, तर लोपाचा हट्ट न धरता ते चल दुसऱ्याच्या रूपात लिहून दुसऱ्या समीकरणात ठेवणे बहुधा लवकर आटोपते.

सरावाबाबत माझी सूचना अशी आहे, की मुलाला रोज उदाहरणे शेवटपर्यंत सोडवायला लावण्यापेक्षा काही जोड्या समोर ठेवून फक्त तीन गोष्टी विचाराव्यात : लोप कोणत्या चलाचा करशील, प्रत्येक समीकरणाला कोणत्या संख्येने गुणशील, आणि बेरजेनंतर कोणते पद उरेल. ५क्ष + ६य = ९ आणि ७क्ष − २य = २३ या जोडीवर त्याने ‘य चा लोप, दुसऱ्याला ३ ने गुणीन, २६क्ष उरेल’ असे पेन न उचलता सांगितले, की पुढच्या आकडेमोडीसाठी आपण जवळ बसण्याची गरज नाही.